शेणवा ते मुरबाड: पॉइंट काढून सीडीआय

बाबांची जुनी, सारखी बंद पडणारी मोटारसायकल कसाऱ्याच्या एका दूधवाल्याला विकायची ठरली होती. रविवारी संध्याकाळी तो न्यायला येणार होता. मी तेवढा दिवस मागून घेतला. मुरबाडला जाऊन गाडीचे पॉइंट काढायचे, सीडीआय बसवायचं. येताना गाडी कुठेही बंद पडली नाही, तर विकायची नाही. बाबा म्हणाले, "चल. मी मागं बसतो, मंग समजंल."

गावात मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. शेणवा, किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा रस्ता. तेव्हा अरुंद आणि खड्ड्यांचा. पॉइंट म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या. त्यांवर काजळी धरली की इंजिन बंद. सीडीआय म्हणजे तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक डबा, त्यात घासायला काही नसतं. जाताना दोनदा थांबलो. बाबा पाकिटातला पॉलिश पेपरचा तुकडा काढून पट्ट्या घासत बसले. भारा घेऊन चाललेली एक काकू हसली, "गाडी तुमाला नेते का तुमी गाडीला?"

मुरबाडच्या मेकॅनिकने मॅग्नेटमधली पॉइंटची जुनी प्लेट काढून नवी बसवली, कॉइल बदलली, सीटखाली सीडीआयचा डबा लावला. मी प्रत्येक वायर पुन्हा पुन्हा ओढून बघत होतो. तो वैतागला, "भाऊ, वायर हाय ती, कोंबडी नाय. पळून नाय जात." तुम्हीही हे काम करणार असाल तर सकाळीच जा, अर्धा दिवस मोडतो. जेवायला शेजारीच खानावळ होती. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी झकास.

परतताना गाडी अर्ध्या किकमध्ये सुरू झाली. सरळगावला चहा-भजी झाली. तिथून निघालो, आणि थोडंच पुढे इंजिन आचके देत बंद पडलं.

मी गाडी कडेला घेतली. सीट उघडली, वायरी चाचपल्या. सगळं जागेवर. मग खाली लक्ष गेलं.

"बाबा, पेट्रोलचा कॉक कुणी बंद केला?"

आमच्याकडे चहाला थांबलं तरी कॉक बंद करतात, पेट्रोल गळू नये म्हणून. बाबांचा हात सवयीने गेला होता. त्यांनी वाकून कॉक उघडला.

"गाडी नाय थांबली रे. मी थांबवली."

घरी दूधवाला गाडीला किटल्या अडकवायचे हूक घेऊनच पायरीवर बसला होता. बाबा म्हणाले, "बस. चा घे. गाडी नाय द्यायची."

गाडी पुढे बरीच वर्षं चालली. बाबा मागे बसले की गप्पा मारायचे. त्या रविवारापर्यंत ते मागे बसून फक्त इंजिन ऐकायचे.