बसायचं की चालायचं

आमच्याकडे माणसं विचारायला यायची. मुंज कधी करू, विहीर कुठल्या दिवशी खणायला घेऊ, मुलीला मुंबईचं स्थळ बघू की इथलंच. हे ओसरीवर पंचांग उघडायचे, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायचे आणि समोरच्याचा चहा निवायच्या आत उत्तर देऊन मोकळे व्हायचे. माणूस निश्चिंत होऊन घरी जायचा. या माणसाला शंका म्हणून कधी येतच नाही की काय, असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा रागही यायचा. पण ऐंशीच्या दशकातल्या एका वर्षी याच माणसाला स्वतःच्या उजव्या खुब्याचं काय करायचं ते ठरवता येईना. पंचांग उघडायचे, बघत बसायचे आणि मिटून ठेवायचे.

हे म्हणजे माझा नवरा. रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधली भिक्षुकी यांच्याकडे होती. सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं, श्राद्ध, सगळं. वय फार नव्हतं, पन्नाशीला टेकले होते. मुलगी लग्न होऊन खेडला गेलेली, घरात आम्ही दोघंच. भिक्षुकाच्या शरीराला दोनच गोष्टी यायला लागतात. एक, चढ-उतार तुडवत एका वाडीतून दुसरीत जाणं, आणि दुसरं, पोचल्यावर दोन-अडीच तास मांडी घालून बसणं. यांचा खुबा दुखायला लागला तेव्हा दोन्ही एकदमच गेलं.

चालताना लंगडत, पण ते लपत होतं. बसणं लपेना. उजवा पाय दुमडेना, म्हणून तो लांब करून बसायचे. आता पाय देवाकडे करून चालत नाही, यजमानाकडे करूनही बरं दिसत नाही, होम असेल तर अग्नीकडे तर नाहीच नाही. राहता राहिला दरवाजा. मग हे दरवाज्याकडे पाय करून, वर उपरणं पसरून, देवाकडे अर्धी पाठ आणि मान वळवलेली, अशा थाटात मंत्र म्हणायचे. एका पूजेला मी हे पाहिलं आणि मला हसू आलं. घरी आल्यावर मात्र रडूच आलं.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, तो झिजत चाललाय, मुंबईला दाखवा. माझे धाकटे दीर मुंबईत नोकरीला होते. त्यांच्या ओळखीने एका मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली आणि रात्रीच्या एसटीने आम्ही गेलो.

डॉक्टर परदेशात शिकून आलेले, बोलायला सौम्य. त्यांनी टेबलाच्या खणातून दोन वस्तू काढून समोर ठेवल्या. एक म्हणजे धातूची टोपी, छोट्या करवंटीएवढी. हाडाचा गोळा तासून त्यावर ही बसवायची, समोरच्या खोबणीत प्लास्टिकची वाटी. हाड आपलं आपल्याकडेच राहतं. दुसरी वस्तू म्हणजे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला गोळा. यात आपला गोळा कापून काढून टाकायचा, दांडा मांडीच्या हाडात ठोकायचा, म्हणजे सगळा सांधाच नवा. यांनी एकेक वस्तू हातात घेऊन तोलून पाहिली, चांदीचं ताम्हन विकत घेताना पाहतात तशी.

"मांडी घालता येईल?" यांनी विचारलं. बाकी काही विचारलंच नाही.

डॉक्टर बरंच बोलले. हे, मी आणि बरोबर आलेले दीर, तिघेही माना डोलवत होतो. बाहेर आलो, एसटीत बसलो, आणि पनवेल मागे पडायच्या आतच कळलं की आम्ही दोघांनी दोन वेगळ्या डॉक्टरांचं ऐकलंय.

"टोपी बसवली की मांडी घालता येते, असं म्हणाले ते," हे म्हणाले.

"कदाचित येईल, असं म्हणाले. आणि टोपीचा भरवसा नाही, काहींची ढिली होते, मग परत कापायचं, हेही म्हणाले."

"ते दांड्याचं म्हणाले गो."

"दांड्याचं नाही! दांडा टिकतो, चालायला उत्तम, पण जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही. सांधा निसटतो म्हणाले."

"मग तू तिथे का नाही बोललीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात!"

खेडच्या स्टँडवर चहा घेताना आम्ही एकमेकांकडे पाठ करून उभे होतो. घरी पोचल्यावर पोस्टात जाऊन दिरांना फोन लावला, कारण तेही तिथे बसलेले होते. त्यांना तिसरंच आठवत होतं. ते म्हणाले, "वहिनी, दोन्ही सारखंच आहे, दादाला हवं ते करू दे, असं डॉक्टर म्हणाले ना!" मी फोन जवळजवळ आपटलाच.

पुढचे महिने कसे गेले ते आठवलं तरी डोकं गरगरतं. सकाळी उठून हे म्हणायचे, दांडा. पाय बरा तर सगळं बरं, लोक काय, खुर्ची देतील. दुपारी जेवताना म्हणायचे, खुर्चीवर बसून पूजा सांगायची? देव खाली चौरंगावर, यजमान पाटावर आणि भट वर खुर्चीत? छे! म्हणजे टोपी. संध्याकाळी परत पाय ठणकायला लागला की टोपी ढिली झाली तर काय, म्हणून परत दांडा. मी आज टोपीच्या बाजूची असले की हे दांड्याच्या बाजूचे, आणि मी त्यांचं पटवून घेऊन दांड्यावर आले की हे उडी मारून टोपीवर. शेवटी मी मत द्यायचंच सोडलं, तर म्हणाले, तुला माझी काळजी नाही.

माझी अडचण अशी होती की मला खरोखरच कळत नव्हतं. चालता आलं नाही तर पूजेच्या घरी पोचणार कसे, आणि बसता आलं नाही तर पोचून करणार काय? मी भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना हेच घोळवत असे. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, बाबांना काय हवंय ते करा. बाबांना काय हवंय हे बाबांना तरी कुठे माहीत होतं! त्यांना पूर्वीचा पाय हवा होता आणि तो डॉक्टरांच्या खणात नव्हता.

एक दिवस हे आंघोळीनंतर देवासमोर उभे होते. देव्हारा भिंतीत, कमरेच्या वर, त्यामुळे घरची पूजा उभ्याने व्हायची. फुलं वाहता वाहता मागे न बघताच म्हणाले, "टोपी. मला चालायचं नाही गो, मला बसायचंय. चालायला एखादा सायकलवाला मिळेल, डबलसीट नेईल. माझ्या जागी बसायला कोण मिळणार?" इतकं शांत बोलले की मला हायसं वाटलं. डॉक्टरांना तसं कळवलं.

आपरेशनच्या दिवशी यांना पूर्ण भूल दिली होती. दीर औषधं आणायला खाली गेले होते. मी थिएटरच्या बाहेर बाकावर एकटी बसले होते. दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढून. मी बाकावरून उठले.

"घाबरू नका," ते म्हणाले. "पण गोळा फोटोत दिसत होता त्यापेक्षा मऊ झालाय. टोपी बसवता येईल, बसवतो मी. पण ती धरेल असं मला वाटत नाही. वर्षभर, फार तर थोडं जास्त. पूर्ण सांधा बदलला तर चांगला होईल. त्यांनी टोपी सांगितली होती, म्हणून तुम्हाला विचारतोय. लगेच सांगा."

किती महिने आम्ही भांडत होतो, आणि आता "लगेच सांगा". दिरांना बोलवा म्हणावं तर ते खाली. मला देव्हाऱ्यासमोरची यांची पाठ दिसत होती आणि "मला बसायचंय" हे ऐकू येत होतं. आणि तरी माझ्या तोंडून आलं ते हे, "ते चालतील ना?"

"चालतील. छान चालतील."

"मग सांधा करा," मी म्हटलं.

दार बंद झालं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी मांडीचं विचारलंच नाही. विचारायची गरजही नव्हती. उत्तर मला पाठ होतं.

डॉक्टर नंतर म्हणाले, मी सांगतो त्यांना, निर्णय माझा होता म्हणून. चांगला माणूस. पण आमच्या घरात अशी गोष्ट लपून राहिली नसती. यांना शुद्ध आली, ग्लानी उतरली आणि यांनी पहिला प्रश्न केला, "टोपी बसली नीट?"

"नाही," मी म्हटलं. "सांधा बदललाय. गोळा मऊ होता. डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं."

हे छताकडे बघत म्हणाले, "मला उठवून विचारायचंस." भुलीतल्या माणसाला कसं उठवणार, असं मी एरवी फाडकन म्हटलं असतं. तेव्हा नाही म्हटलं. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी करत राहिले आणि ते भिंतीकडे तोंड करून, म्हणजे मान तेवढी वळवून, पडून राहिले.

रत्नागिरीला परतलो. घरात कमोड आला, उंच पलंग आला. हे कुबड्यांवरून काठीवर आले, काठी सोडून चालायला लागले, आणि खरोखरच छान चालायला लागले. पण पूजेचं आमंत्रण आलं की प्रकृतीचं कारण सांगायचे. लोक दुसरीकडून भटजी आणायला लागले. ओसरीवर पंचांगासाठी येणारे येत राहिले, पण उत्तरं पूर्वीसारखी फटकन मिळत नसत. माझ्याशी नीट बोलायचे, जेवण चांगलं झालंय म्हणायचे. त्या एका गोष्टीबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी बरोबर केलं की चूक, हे मला कोणाला विचारायची सोय नव्हती. पंचांग बघणारा माणूसच तो होता.

मग वरच्या वाडीतला एक कुणबी शेतकरी आला. मुलगा मुंबईला गिरणीत, त्याने नवीन घर बांधलेलं, सत्यनारायण घालायचा होता. हे नको म्हणाले, तर तो उंबऱ्यातच बसला. "काका, माज्या बापाच्या वक्ताला तुमीच व्हतात. दुसरा भट मी आननार नाय. तुमी उभ्यानं सांगा, आडवं पडून सांगा, पन तुमीच सांगा."

मी बरोबर गेले, कारण यांना खाली वाकता येत नव्हतं. वरच्या वाडीची दगडी पायऱ्यांची पाखाडी चांगलीच उभी होती. त्या घरी चौरंग, केळीचे खांब, सगळी मांडणी तयार. शेतकरी आणि त्याची बायको पाटांवर बसले होते. बाजूला भटजींचा पाट, आणि पाटामागे लोखंडी खुर्ची, तिच्यावर नवा टॉवेल अंथरलेला.

"काका, खुर्चीवर बसा. देव काय रागवनार हाय?"

"नको," हे म्हणाले. "मी उभाच बरा."

आणि उभे राहिले. संकल्प सुरू झाला. पण अक्षता पुढे करणं, पळी हातात देणं, फूल कुठे वाहायचं ते दाखवणं, हे उभ्याने होईना. मी ओणवी होऊन एकेक देत होते. शेवटी हे म्हणाले, "अगो, बस तिथे." कुठे, म्हणून मी पाहिलं. जागा एकच होती. मी भटजींच्या पाटावर बसले, मांडी घातली आणि सामान हातात द्यायला लागले. घरातल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वर बघितलं की हे दिसायचे, हातात पोथी, डोळे माझ्याकडे, म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्या दुमडलेल्या गुडघ्यांकडे. कथा मात्र त्यांनी खणखणीत सांगितली, अध्यायामागून अध्याय, आणि एकदाही भिंतीला टेकले नाहीत.

परतताना शिध्याची पिशवी माझ्याकडे होती, तांदूळ, नारळ, जड होती. हे पुढे चालत होते, सरळ, एकसारखे. पाखाडी उतरल्यावर आमच्या घराकडच्या शेवटच्या चढावर मला धाप लागली. हे थांबले, मागे वळून बघत उभे राहिले. मला आता ते मनात ठेववेना.

"तुमची मांडी मी घालवली," मी म्हटलं आणि तिथेच रडायला लागले.

"घालवलीस खरी," हे म्हणाले, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन चढ चढायला लागले.