कानाचं मशीन आणि शेजारचा ऊस

आईला कानाचं मशीन मी आणलं. संगमनेरला नेऊन, तपासणी करून, माझ्या पगारातून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, डेअरीच्या लॅबमध्ये लागले, आणि त्या मशीनचं माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मीच वाचून काढलं. हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, दिवसभर घाला, सवय लागली पाहिजे. आई ते लग्नाला घालायची, पाहुणे आले की घालायची. शेतात जाताना मात्र काढून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवायची.

"घामानं, पाण्यानं बिघडंल. आन तिथं मला कोण काय सांगायला येतंय? कांदा बोलतो व्हय माझ्याशी?"

मी काही बोलले तरी ते ऐकायला तिला मशीनच घालावं लागलं असतं.

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. मला सुट्टी होती. आई जेवून कांद्याला पाणी द्यायला, दारं धरायला गेली आणि मी विहिरीवर कपडे धूत बसले. तेवढ्यात चुलते मोटारसायकलवरून आले. गाडी स्टँडला न लावता तशीच झाडाला टेकवली.

"तुजी आई कुठंय?"

"कांद्यात. का हो नाना?"

"बिबट्या हाय. आमच्या उसात शिरला आत्ता. पोरांनी डोळ्यांनी बघितला."

नानांचा ऊस आमच्या कांद्याला लागून. मध्ये फक्त बांध. आणि आई त्या टोकाला, बांधाला खेटून, खोरं घेऊन वाकलेली. आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे, वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुणाला हाक मारणार? तिचा फोनही घरात, त्या डबीशेजारी.

"नाना, डबा वाजवू का?"

"नगं. कुठं दडलाय ठाव न्हाई. बिथरून नेमका तिच्या अंगावर निघायचा."

मी धावत सुटणार, तर त्यांनी दंड धरला. "तिकडं जाऊ नको. दोघींला गाठायचं का त्याला?"

काय करावं ते कळेना. मग मी वळले आणि विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं लाल बटण दाबलं. पाणी थांबलं की आई उठणार, विहिरीकडे बघणार, हे नक्की होतं.

पण मोटार बंद झाली तरी पाटात पाणी असतंच. ते ओसरेपर्यंत आई वाकलेलीच. तिची पाठ आणि तिच्यामागचा हिरवा ऊस, एवढंच मला दिसत होतं. आजही डोळे मिटले की तेच दिसतं. शेवटी ती उठली. कपाळावर हात धरून आमच्याकडे बघू लागली. मी दोन्ही हातांनी खुणावलं, इकडे ये, वाफ्यांतून सरळ ये.

तिनं हात हलवला. नाही.

ओल्या वाफ्यात पाय टाकायचा नाही, हे तिनं आयुष्यभर पाळलेलं. लाईट गेली असं समजून तिनं खोरं खांद्यावर टाकलं, बांधावर चढली आणि उसाच्या कडेनं सावकाश चालत येऊ लागली. म्हणजे तिला त्याच्या तोंडापुढून मीच बोलावून घेतलं होतं.

मग मी नानांचं ऐकलं नाही. वाफ्यांतूनच पळाले. चिखलात पाय रुतत होते, चप्पल कुठे गेली कळलं नाही. आईनं ते पाहिलं आणि तिचा जीव कांद्यासाठी कळवळला. तिचा आवाज मुळातच मोठा, मशीन नसलं की विचारायलाच नको.

"अगं ए! कांदा तुडवती! कालेजात हेच शिकवलं व्हय? डोळे फुटले का तुजे?"

तिच्या पाठीमागे, फार लांब नाही, उसाचे शेंडे हलले. वारा नव्हता. ती हालचाल उसाच्या दोन ओळींमधल्या एकाच सरीतून, रेघेत आत सरकत गेली आणि थांबली.

मी तिचं मनगट धरून तिला वाफ्यात ओढलं. ती शिव्या देतच होती. मी नुसतं बोट दाखवलं. शेंडे पुन्हा हलले, आणखी आत. आईची शिवी अर्धीच राहिली. खोरं खांद्यावरून पडलं, ते उचलायला ती थांबली नाही.

विहिरीवर येऊन ती चिखलातच बसली. नानांनी पाणी दिलं. ते पिऊन तिनं विचारलं, "कवापासनं हुता तिथं?"

आम्ही दोघांनी मान हलवली. कुणाला माहीत?

पुढे वनखात्यानं पिंजरा लावला. त्यात काही सापडलं नाही. आईनं मात्र दुसऱ्या दिवसापासून मशीन घातलं, शेतातसुद्धा. मला वाटलं, आता सुटले. पण माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की मशीन सगळेच आवाज मोठे करतं. ते उसाशेजारी घातलं की काय होतं, हे नसतं लिहिलेलं. इतकी वर्षं मुका असलेला ऊस तिच्या कानात दिवसभर सळसळू लागला. ती मधेच थांबते. "ते काय?" मी म्हणते, "वारा." ती पुन्हा वाकते, पुन्हा थांबते.

काल मी सोबत होते. तिनं हात वर केला, "गप." मी कान दिला. माझे कान चांगले आहेत. मला काहीच ऐकू आलं नाही.

"वारा आहे, आई."

"वारा एकाच सरीतनं चालतो व्हय?"

तिचा हात कानाकडे गेला. मला वाटलं, कंटाळून काढतेय. तिनं बटण दाबून आवाज वाढवला.