नामावळीच्या वह्यांची खोली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या, वह्या बांधणाऱ्या मुसलमान चाचांमुळे मी आज या घरात आहे. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना भीतीनं माझ्या हातून काहीतरी गाळलं जाईल, आणि गाळलं जाऊ नये अशी गोष्ट एवढी एकच आहे.

माझं माहेर वऱ्हाडात, वाशीमच्याही पुढे. मराठी चौथीत होते तेव्हा शाळेतून नाव काढलं, लग्न झालं आणि मी नाशकात आले. सासरी तीर्थोपाध्येपण. रामकुंडावर यजमान येतात, आपलं गाव नि आडनाव सांगतात, आणि मामंजी वही काढून त्यांच्या आजा-पणजाच्या हातचा लेख त्यांच्यापुढे धरतात. अशा साठावर वह्या, प्रत्येक लाल बासनात गुंडाळून बंदानं बांधलेली. मधल्या खोलीत चार फळ्यांवर त्या असत. सगळ्या मोडीत. मला बाळबोध तेवढं येई, मोडी म्हणजे मुंग्यांची रांग.

पावसाळा सरला होता. सासूबाई पुराणाला गेल्या, हे त्र्यंबकला गेले होते. जाताना सासूबाई म्हणाल्या, "खोली झाडून घे. शिकलेली सून आणलीय, जरा उजेड पडू दे." त्यांचं ते बोलणं मला सारखं टोचत असे. म्हटलं, आज दाखवतेच. सगळी बासनं उतरवली, ऊन दिलं, कसर झटकली, आणि आई माझी फडताळात डबे लावायची तशी लावली. मोठी खाली, मग मधली, वर लहान. बंदांना टोकाशी गाठी होत्या, त्या मला गबाळ्या दिसल्या. दोन बासनांच्या सोडून सरळही केल्या. मग कंटाळा आला म्हणून बाकीच्या राहिल्या. तो कंटाळा देवानंच दिला असावा.

दुपार कलल्यावर चाचा ओट्यावर आले. पावसाळ्यानंतर दरवर्षी ते उसवलेल्या वह्या शिवायला नेत. मी दाराआडून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "चाचा, आता खोली बघण्यासारखी झालीय. सगळं नीट लावलं."

"लावलं म्हंजे? जागा बदलल्या?"

"उंचीप्रमाणे."

चाचांनी मागे वळून गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बेटी, गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. वर्ष झालं. घरात कुणाला बोलले नाय, मला वही शिवायला देताना कळलं. ते वही बघून नाय काढत, हात घालून काढतात. कितवी फळी, कितवं बासन, सगळं हातात बसलंय."

मामंजी सकाळीच सांगून गेले होते, खानदेशातले यजमान घेऊन उन्हं उतरायच्या आत येतो. साठ वह्या खिडकीशी धरून वाचत बसले तर यजमान उठून दुसऱ्या गुरुजींकडे जाणार. मामंजींचं आंधळेपण गल्लीभर होणार. आणि मी? गेल्याच वर्षी शेजारच्या घरातली सून माहेरी पोचवली होती, ती अजून आलेली नाही. माझं माहेर तर असं लांब की नेऊन सोडलं की पुन्हा आणायला कोण येणार? मी पदर तोंडात धरून रडायला लागले.

"रडून वही सापडत नाय. बंद बघ. एका टोकाला गाठी फळीच्या, दुसऱ्या टोकाला जागेच्या. माझ्या बापानं घातल्यात, त्याला वाचता येत नव्हतं. परत देताना घोळ नको म्हणून. मोठ्या गाठी फळीच्या. डावीकडून मोज."

मी आत धावले. दोन मोठ्या, पाच बारीक: दुसरी फळी, पाचवं. एक मोठी, तीन बारीक. चुकू नये म्हणून मी एकेक बंद दोनदा मोजत होते. चाचा ओट्यावरून विचारत, "कितवी फळी झाली?" आणि स्वतःच म्हणत, "व्हईल, व्हईल."

शेवटी दोन बासनं उरली, सोडलेल्या गाठींची, आणि वरच्या फळीवर दोन जागा. मी ती दारात नेली. चाचांनी हात न लावता पाहिलं. "उघड. शिवणीचा दोरा दाखव. हा काळा दोरा बापाच्या हातचा, ही जुनी. जुनी आधी. पळ."

तेवढ्यात गल्लीत मामंजींचा आवाज आला. मी आत, आणि बाहेर चाचांनी भांडणच काढलं. "गुरुजी, गेल्या खेपेला पानं चिकटवायला दिलेली तुमच्या घरची खळ पार आंबलेली होती! कसर लागेल नाय तर काय!"

"अरे, यजमान उभे आहेत, तुझी खळ कसली काढतोस?"

"दोन घटका उभे राहतील, वही जन्माची गेली त्याचं काय?"

यजमान हसले. मी शेवटचं बासन सरकवून स्वयंपाकघरात शिरले. मामंजी खोलीत आले, हात वर गेला, वही निघाली. थोड्या वेळानं कुणी पुरुष रडल्याचा आवाज आला. "आमच्या आजाचं अक्षर हाय हो हे!"

यजमान गेल्यावर मामंजी फळीवरून बोट फिरवत म्हणाले, "धूळ कुठं गेली? वह्यांना हात कुणी लावला?"

मी चुलीशी उभी होते. बोलायला हवं होतं. बोलले नाही.

"मी सांगितलं सूनबाईंना झटकायला," चाचा बाहेरून म्हणाले. "कसर होती."

"माझ्या वह्या हलवायला सांगणारा तू कोण?"

चाचांनी मान खाली घातली, एवढंच फटीतून दिसलं. त्या वर्षी वह्या शिवायला दुसरीकडे गेल्या. पुढच्या वर्षीही. चाचा गल्लीत दिसले की मामंजींना नेहमीसारखा रामराम करत. मी दाराआड होई.

मामंजींना मी अजून सांगितलेलं नाही. कागदावर लिहिताना सुद्धा कानोसा घेते आहे. पण मोडी शिकायला घेतली आहे, हे शिकवतात. ज्या दिवशी मामंजी वही काढायला मला हाक मारतील, त्या दिवशी खरं काय ते सांगेन, आणि वह्या पुन्हा चाचांच्या हाती देईन. मला घालवून दिलं तरी. चाचा, तोवर तुमचे हात चालते राहोत.