मांडवीतल्या बोटीवरचा घास

पणजीला निघालेले लोक मला विचारतात, कुठे जेवायचं, काय बघायचं? मी बाजारामागची माशांची खानावळ सांगते, जुन्या रंगीत घरांच्या गल्ल्या सांगते. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जे पाहिलं, ते मात्र सांगवत नाही.

तिथे एक बाई पत्ते खेळणाऱ्या नवऱ्याला वरणभात भरवत होती. घास जवळ आला की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. बाळाला, आजाऱ्याला, लग्नाच्या पंगतीत भरवलेला घास मी पाहिला होता. हा त्यातला कुठलाच नव्हता.

“अहो, तुम्ही कधी जेवणार?” मी न राहवून तिला विचारलं.

“जेवेन की, घाई काय आहे!”

ताट संपलं. ती त्याच्या खुर्चीत बसली. तो दुसरं ताट घेऊन आला, भात कालवू लागला. पत्त्यांवरची नजर न हलवता तिने आ केला.