रशीदच्या धुनकीची तात

हे मी कोणालेच सांगितलं नाई. बायकोलेही नाई — अन् तिच्यापासून तं माही चोरून खाल्लेली जिलेबीही लपत नाई.

तेल्हाऱ्यात आमचा बँड होता. हसा, हसा! गिटारवर मी, गायले माही चुलतबहीण नंदा, अन् तिसरा रशीद, पिंजाऱ्याचा पोरगा. एका कॅसेटीत आमाले अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातली गाणी सापडली — कंट्री, ब्लूज, ब्लूग्रास. शब्द समजत नसत, पण दुखणं ओळखीचं वाटे. तिकडंही पावसानं दगा दिला असंन काय? नंदानं त्यात आपली भुलाबाईची गाणी घुसवली, अन् काय जमलं म्हणता!

त्या सालांत कापसाले भाव नव्हता, नव्या गाद्या कोणी भरत नसे. रशीदच्या आज्याची कापूस पिंजायची धुनकी नुसती खुंटीले लटकून होती. एक दिवस रशीदनं तिची तात — आतड्याची ती जाड तार — ठोकली. धुंग! झालं, आमाले बेस गिटारचा खर्ज भेटला.

पण लोक टाळ्या कोणाले वाजवत? धुनकीले! गिटार शिकाले बोटं सोलून घेतली मी, अन् पोरी विचारत, "तो गादीवाला कुठी गेला?" लय जळलो मी. आता — सांगतोच. अमरावतीच्या कार्यक्रमाआधी रशीद चहाले गेला, तवा मी ब्लेडनं ती तात अर्धी कापून ठेवली.

दुसऱ्याच गाण्यात तुटली. अन् ह्या बहाद्दरानं काय करावं? तोंडानंच "धुंग, धुंग" सुरू केलं! नंदा हसत हसत गायली, लोकाइनं हॉल डोक्यावर घेतला. माही गिटार तवाही कोणी ऐकली नाई.

मंग? ती तात आज्यानं सोताच्या हातानं वळलेली होती. आजा गेलेला, दुसऱ्या कोणाले तशी वळता येत नव्हती. नायलॉनची दोरी लावून पाह्यली, तं मेलेला आवाज. अकोल्याचा कार्यक्रम सोडला. दिवाळीच्या आत बँडही संपला.

रशीद आता परतवाड्याले फोमच्या गाद्या विकते. गेलो का कडकडून मिठी मारते, अन् दरवेळी तेच म्हणते, "मीच हावऱ्यासारखी जास्त ताणली रे. आज्याची निशाणी गेली, आपला बँड गेला. माफ करजो मले."

अन् मी? त्याच्या पाठीवर थाप मारतो. "जाऊ दे ना बे," म्हणतो, "केलं माफ." मंग त्यानंच मागवलेला चहा पितो.