बरोबर वाचते ना?

भाईंदर स्टेशनला जाताना मला बरेचदा तोच शेअर रिक्षावाला मिळायचा, पाली गावचा. त्याची दुसरीतली मुलगी मागे आमच्या शेजारी बसायची आणि शाळा येईपर्यंत मोठ्याने धडा वाचायची. ती अडखळली की हँडलवर ठेका धरलेला त्याचा अंगठा थांबायचा.

एक दिवस ती घडाघडा वाचत सुटली. माझी नजर पुस्तकावर गेली. तोंडातली गोष्ट कधीच पुढे गेली होती, पान मात्र पहिलंच होतं. सगळं पाठ! मी बघतेय हे कळताच तिने पानावर हात ठेवला.

त्याने विचारलं, "मॅडम, बरोबर वाचते ना?"

मला कशाला मध्ये घेतोय हा? मुलीने श्वास रोखला होता.

"हो, छान वाचते," मी म्हणाले.

शाळेपाशी ती उतरून पळाली. त्याने रिक्षा सुरूच केली नाही. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "पान उलटलंच न्हाय तिनं."

"लहान आहे हो ती. तुम्ही ओरडाल असं वाटलं."

"मी कधी ओरडलोय?" त्याचा आवाज खाली गेला. "माझं पण सगळं पाठ असायचं. चौथीपर्यंत सगळे हेच बोलले, छान वाचतो. आता तिच्या शाळेची चिठ्ठी आली, की शेजाऱ्याकडं जातो वाचून घ्यायला."

त्याने रिक्षा सुरू केली. स्टेशनला मी उतरत असताना तो म्हणाला, "उद्या परत विचारणार हाय तुमाला."

दुसऱ्या दिवशी मी बसने गेले.