ठरावाआधीचं देवदर्शन

साठीची शिवम्मा उपसरपंच शंकरप्पाबरोबर मुरुडला पळून गेली, अशी आवई निलंग्याकडच्या त्या गावात उठली. पळतेय कसली. लातूर जिल्हा नवा झाला त्या दुष्काळात सरपंच सटवाजीरावांवर अविश्वास ठराव आला होता. मतं फुटू नयेत म्हणून शंकरप्पानं आपल्या बाजूचे सगळे मेंबर जीपमध्ये कोंबून देवदर्शनाला नेले होते, त्यात तीही होती.

सरपंच सरकारी टँकर आधी स्वतःच्या मोसंबीला पाजायचे आणि शिवम्माच्या गल्लीला तळाचा गाळ यायचा. मेंबरांना राग त्याचा नव्हता, टँकर आपल्या मळ्याकडं वळत नाही याचा होता.

महादेवासमोर शंकरप्पा म्हणाला, "अक्का, गळ्यातलं इष्टलिंग हातात घे अन् शपथ घे, ठरावाला हात वर करीन म्हणून."

"तुमच्या खुर्चीपायी म्या लिंगाला मधी आणणार न्हाई," म्हणत ती प्रसादाच्या पंगतीला बसली. बाकीच्यांनी भराभर शपथा घेतल्या. त्यातलेच दोघं सभेत सरपंचाशेजारी जाऊन बसले.

शिवम्मानं मात्र हात वर केला आणि तिच्या एका मतानं सरपंच पडले. शंकरप्पा फेटा सावरत खुर्चीकडं निघाला, तशी ती म्हणाली, "दमानं बस, शंकरप्पा. टँकर तुझ्या उसाकडं वळला, तर ह्योच हात परत वर करीन."